आमच्या ह्यांचं फोरम

इंटरनेटवर एका पानावर त्या सॉफ्टवेअरचा सगळा इतिहास लिहिलेला आहे. परदेशातल्या काही पोरांनी लोकांना वेबसाइटवर गप्पा मारता याव्यात म्हणून ते कसं लिहिलं, मग विकायला कसं काढलं, कोणती आवृत्ती चांगली निघाली, कोणती फसली, कंपनी दुसऱ्यांनी कशी विकत घेतली, मूळची माणसं कशी सोडून गेली आणि पुढे कोर्टकचेरी कशी झाली, सगळं आहे. इंग्रजीत आहे, पण मी शब्दकोश शेजारी ठेवून सावकाश वाचलं. चांगलं लिहिलंय. फक्त त्यात आमची बुलढाणा जिल्ह्यातली चिखली नाही. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या खोलीत बसून एका माणसाने त्या सॉफ्टवेअरला वऱ्हाडी बोलायला शिकवलं, हे त्या लिहिणाऱ्याला कुठून कळणार? म्हणून आमच्याकडची बाजू मी लिहून ठेवतेय.

तो माणूस म्हणजे आमचे हे. नाव घ्यायची मला सवय नाही. लग्नानंतर सासूबाईंनी जे वळण लावलं ते लागलं, आणि आता नाव घेऊन हाक मारली तरी ओ मिळेलच अशी खात्री नाही. तेव्हा 'हे'च बरं.

मी माहेरची पुण्याकडची. लग्न होऊन चिखलीत आले, त्याच आठवड्यात ह्यांनी मला विचारलं, "तुले चहा पाह्यजे का?" आणि मला हसू फुटलं. आवरेचना. दुसरा नवरा असता तर तोंड फुगवून बसला असता. हे म्हणाले, "हास. हासून झालं का सांग, चहा थंडा होऊन राह्यला." एवढ्यावर आमचं भांडण मिटलं, आणि खरं सांगायचं तर पुढची कितीतरी भांडणं अशीच मिटली.

इन्स्टिट्यूट सासऱ्यांची. खाली मी मराठी-इंग्रजी टायपिंगचे वर्ग घ्यायचे, मशीनची खटखट संध्याकाळपर्यंत चालायची. मला सगळं गाव मॅडम म्हणायचं. वर ह्यांनी कॉम्प्युटर आणले. आधी क्लास, मग इंटरनेट आलं. लोक निकाल पाहायला, अर्ज भरायला वर चढायचे आणि हे मधल्या वेळात आपल्या मित्रांना ईमेल लिहीत बसायचे. एक मित्र देऊळगाव राजाचा, तो अमेरिकेला गेलेला. एक संग्रामपूरला शाळेत गुरुजी. बाकीचे पुण्यात, आखातात, कुठे कुठे. एकाला लिहिलेलं दुसऱ्याला कळायचं नाही, मग तेच पुन्हा लिहा. हे वैतागले. म्हणाले, "सगळ्यायले एका जागी बसून बोलता आलं पाह्यजे."

तसं बोलायची सोय म्हणजे फोरम. कुणीतरी एक विषय काढायचा, बाकीच्यांनी त्याखाली आपापलं म्हणणं लिहायचं, आणि ते सगळं तिथंच राहायचं. वर्षाने आलेला माणूसही पहिल्यापासून वाचू शकायचा. त्यासाठी फुकटची सॉफ्टवेअर होती. ह्यांनी एक लावून पाहिलं, ते चार माणसं एकदम आली की मान टाकायचं. मग सुरुवातीला सांगितलं त्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या मागे हे लागले. चोरून वापरणारे पुष्कळ होते, पण ह्यांना लायसनच पाहिजे होतं. पैसे भरायला आमच्याकडे कार्ड नव्हतं. देऊळगाव राजाच्या मित्राने अमेरिकेतून भरले, आणि त्याची आई तिकडे निघाली तेव्हा मी तिच्या बॅगेत कुरड्या, शेवया आणि लिंबाचं लोणचं कोंबलं. आमचा व्यवहार असा झाला.

त्या सॉफ्टवेअरची खुबी अशी, की लायसन घेतलं की त्याचं पोट उघडून बघता यायचं. पडद्यावर दिसणारं प्रत्येक वाक्य बदलता यायचं. अशी वाक्यं ढिगाने होती. ह्यांनी ठरवलं की सगळी बदलायची. तो अख्खा उन्हाळा आम्ही त्यात घातला. वर्ग बंद, लाइट असेल तेव्हा बसायचं. हे खुर्चीत रेलून बोलायचे आणि मी टाइप करायचे, कारण ह्यांचं टायपिंग दोन बोटांचं. इंग्रजीत असायचं, तुमचा पासवर्ड चुकीचा आहे. हे सांगायचे, "लिही. पासवर्ड चुकला भाऊ. याद कर अन् पुन्हा टाक." एखादं पान सापडलं नाही तर: "असं काई इथं नाही. कोनं सांगतलं तुले?" बाहेर पडताना: "चाललास? बरं. ये मंग."

मी म्हणायचे, "अहो, निदान हे तरी शुद्ध लिहू या. पुण्याचे लोक वाचणार आहेत."

"आपन जसं बोलतो तसंच लिहाचं. लिहाले बसलं का परीटघडी काऊन घालाची?"

मी दात-ओठ खात टाइप करायचे. 'तुला' लिहायला सवयीने बोट जायचं आणि मागून आवाज यायचा, "ले, ले." खोडून पुन्हा लिहायचं. अजूनही मला त्या उन्हाळ्याइतकं दुसरं काही स्पष्ट आठवत नाही.

फोरमवर माणूस जितकं लिहील तितका त्याचा हुद्दा वाढायचा, तो नावाखाली दिसायचा. मूळच्या इंग्रजीत नवा सभासद, जुना सभासद असं काहीतरी नीरस होतं. ह्यांनी केलं: पाव्हना, वळखीचा, घरचा. माणसं 'घरचा' होण्यासाठी काय वाटेल ते लिहायची. देऊळगाव राजाचा मित्र 'घरचा' झाला त्या दिवशी त्याने तिकडून फोन केला तेव्हा तो रडत होता. तिकडे नागरिकत्व मिळालं होतं त्याला, तेव्हाही रडला नव्हता म्हणे.

मला मात्र फोरम म्हणजे सवतच वाटायची. खालून 'जेवायला या' म्हणून ओरडून घसा दुखायचा. शेवटी मी स्वतःच सभासद झाले आणि सगळ्यांदेखत लिहिलं, 'जेवायला या.' खाली लगेच संग्रामपूरच्या गुरुजींचं उत्तर: 'वहिनी, भाऊ निघाले.' मग रोजचंच झालं ते. मी जेवायला बोलवायचे, जगभरातली माणसं ह्यांना ढकलून खाली पाठवायची. आणि इतकं करून माझ्या नावाखाली 'पाव्हनी'! मी म्हटलं, घरात मी आणि तिथे पाहुणी? तर म्हणाले, "एकच वाक्य लिहितं तू. नियम म्हंजे नियम."

ह्यांनी मात्र भरभरून लिहिलं. एसटीतले संवाद, बाजार समितीतल्या गमती, शेजारच्या म्हशीने वर्गात शिरून मशीनवर कसा पाय दिला ते. जो काही विषय निघेल त्यात ह्यांचं म्हणणं असायचंच. बोलताना हे तसे मोजकंच बोलायचे, अनोळखी माणसासमोर तर मान खाली. पण लिहायला बसले की दुसराच माणूस. कुणी परदेशात एकटं पडलंय असं दिसलं की हे त्याला पहिलं उत्तर द्यायचे, आणि त्यात उपदेश नसायचा, नुसती टिंगल असायची. टिंगल वाचून माणूस हसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. मी ते वरवर वाचायचे. घरचा माणूस काय लिहितो ते कुणी मन लावून वाचतं का? रोज समोर बसलेला असतो तो.

मग कंपनी विकली गेली. ह्यांनी ती बातमी चष्मा लावून दोनदा वाचली आणि घरात कुणी आजारी असल्यासारखे हळू पावलांनी वावरू लागले. नव्या मालकांनी घाईने नवी आवृत्ती काढली. ती इतकी जड होती की आमच्या लाइनवर एक पान उघडायला भाजी चिरून व्हायची. ज्यांनी मूळचं लिहिलं ती पोरं एकेक करून बाहेर पडली, त्यांनी स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं, आणि त्यावरून मोठा झगडा झाला. जगभरच्या फोरमवाल्यांत तट पडले. कुणी नव्याकडे गेले, कुणी फुटलेल्यांकडे. आमच्याकडेही विचारणा झाली. हे जागचे हलले नाहीत. नव्या आवृत्तीत वाक्यांची रचनाच बदलली होती, आमचा सगळा उन्हाळा पाण्यात गेला असता. म्हणाले, "मायं लायसन या जुन्याचं हाये. हे जवरोक चालते तवरोक चालते."

कंपनीने मारलं नाही ते फोनने मारलं. फोनवर ग्रुप आले आणि माणसं तिकडे पळाली. सकाळी फुलांचं चित्र, संध्याकाळी दिव्याचं चित्र. मध्ये कुणी काही लिहिलं तर दुपारपर्यंत ते वर सरकून जायचं, पुन्हा सापडायचं नाही. गुरुजीसुद्धा तिकडे जास्त रमले. हे रोज सकाळी वर जाऊन फोरम उघडायचे आणि काहीतरी लिहायचे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याखाली स्वतःच काहीतरी जोडायचे. मला ते पाहवायचं नाही. मी 'जेवायला या' लिहायचे, तेवढी दोन माणसं तिथं उरली होती.

ज्या कंपनीच्या मशीनवर आमचं फोरम ठेवलेलं होतं त्यांची एक दिवस नोटीस आली. इतकं जुनं सॉफ्टवेअर आता त्यांच्या मशीनवर चालणार नाही, नवं करा नाहीतर बंद पडेल. ह्यांनी कुरकुर केली, पण शेवटी तयार झाले. काम अवघड होतं, ह्यांना ते येत होतं. जुन्या आवृत्तीत मराठी अक्षरं आडमार्गाने साठवलेली असायची, त्यामुळे नव्यात नेण्याआधी एक पायरी करून घ्यावी लागायची, नाहीतर अक्षरं मरतात. ही गोष्ट बाकीच्या मराठी फोरमवाल्यांना ह्यांनीच शिकवलेली. ह्यांना विचारून कितीजणांनी आपली फोरम वाचवली होती.

ह्यांची दुसरी एक पद्धत होती. काम संपलं की बॅकअप घ्यायचा, घरातल्या एकाच डिस्कवर, एकाच नावाने, जुन्यावर नवा. दुकानदार जसं गल्ला मोजल्याशिवाय शटर ओढत नाही तसं. मी कधी म्हटलं की जुनाही राहू द्या, तर म्हणायचे, "एक फोरम, एक बॅकअप. दोन ठेवले का कोनता खरा ते कोन पाहीन?" सीडी जपून वापरायच्या दिवसांतली ती काटकसर, अंगात मुरली होती. आमच्याकडच्या घरांत कुणीच एका वस्तूच्या दोन ठेवत नाही.

त्या दुपारी मी चहा घेऊन वर गेले. हे खिडकीतून खाली बघत उभे होते, काम संपलेलं. पडद्यावर फोरम उघडलेलं होतं. माणसांची चित्रं जागच्या जागी, तारखा जागच्या जागी, आणि मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं. एका अक्षराला एक प्रश्नचिन्ह, ओळीच्या ओळी, खाली जाल तितकी. मी पानं उलटत गेले. म्हैस गेली, एसटी गेली, माझं 'जेवायला या'सुद्धा गेलं. मराठीतलं एक अक्षर शिल्लक नव्हतं. ती पायरी राहून गेली होती. आणि डिस्क मशीनला लावलेली, बॅकअप पूर्ण झाल्याची खूण पडद्याच्या कोपऱ्यात, म्हणजे जुन्या बॅकअपवरही आता प्रश्नचिन्हंच.

"अहो, हे काय झालं?"

ह्यांनी वळून पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा लावून जवळ आले. "कोनं केलं वं हे?"

"कोण करणार? तुम्हीच बसला होता ना सकाळपासून?"

"मी? मी तं आत्ताच वर आलो."

मला वाटलं चूक झाली म्हणून लपवताहेत. राग आला मला. पण हे लपवत नव्हते. हे चोर शोधायला लागले. मशीनवाल्या कंपनीला पत्रं लिहिली, त्यांच्याकडे आठवडाभराचीच जुनी प्रत असायची, ती या शोधाशोधीत निघून गेली. मग ह्यांना संग्रामपूरच्या गुरुजींचा संशय आला, कारण फोरमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. फोन करून ह्यांनी त्यांना नाही नाही ते सुनावलं.

गुरुजी दुसऱ्याच दिवशी खामगावला गाडी बदलून आले. पुढच्या खोलीत बसून सगळी बोलणी ऐकून घेतली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने आत आले आणि मला हळूच म्हणाले, "वहिनी, भाऊ मले घडीघडी इचारून राह्यले का तू कवा आला म्हून. शिव्या देते, थांबते, अन् पुन्हा इचारते, कवा आला? त्यायले याद राहून नाही राह्यलं. चोरी-बिरी काई नाही हे. तुमी त्यायले डॉक्टरले दाखवा."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं, मग मोठ्या शहरात पाठवलं, तिथे यंत्रात घालून मेंदूची चित्रं काढली. स्मृतिभ्रंश. हळूहळू वाढणार, मागे फिरणार नाही. ज्या माणसाला प्रत्येक सभासदाचं गाव, आडनाव आणि भांडण पाठ होतं त्याला! मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. लोक बाजूने चढत-उतरत होते, रडू द्या म्हटलं. मला सगळ्यांचाच राग आला होता, त्या सॉफ्टवेअरचा, ते विकणाऱ्यांचा, घेणाऱ्यांचा, ह्यांचाही. थोडं आधी आजारी पडता आलं नाही? थोडं नंतर? नेमकं त्याच दुपारी?

डॉक्टरांनी सांगितलं, जुन्या गोष्टी समोर ठेवा. फोटो दाखवा, आवडतं काही वाचून दाखवा, कधी कधी माणूस त्याला धरून राहतो. आमच्याकडे फोटो थोडे, आणि त्यांत हे कुठेतरी मागच्या रांगेत. ह्यांचं जे काही होतं ते लिहिलेलं होतं. ते माझ्यासमोर होतं, प्रश्नचिन्हांत. मला दुसरं काही नको होतं. ह्यांनी स्वतःचं लिहिलेलं ऐकावं आणि एकदा म्हणावं, हे मी लिहिलंय. आपण कोण होतो ते ह्यांना एकदा, पुसून जायच्या आधी, कळावं. मी त्याच्यासाठी काहीही केलं असतं.

वाट गुरुजींनी काढली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. एखाद्या विषयावर तुम्ही खूण करून ठेवली, की त्यात कुणी नवीन लिहिलं की त्याचा सगळा मजकूर तुम्हाला ईमेलने यायचा. बऱ्याच जणांनी ह्यांचं लिखाण चुकू नये म्हणून अशी खूण करून ठेवलेली. म्हणजे फोरमवरून ह्यांचे शब्द गेले तरी लोकांच्या पोस्टाच्या पेटीत ते पडून असणार. गुरुजींनी त्याच फोनवरच्या ग्रुपवर लिहिलं: भाऊ आजारी आहेत, त्यांचं जे सापडेल ते वहिनींना पाठवा.

फुलांची चित्रं थांबली आणि माणसं शोधायला लागली. देऊळगाव राजाच्या मित्राने आयुष्यात एक ईमेल पुसलेलं नव्हतं, त्याच्याकडून टोपलीभर आलं. आखातातून आलं, पुण्यातून आलं. ज्यांची पेटी बंद पडली होती त्यांनी, मला वाटतं लाजेने, ह्यांचं जे आठवत होतं ते स्वतः लिहून 'हे भाऊंचं' म्हणून पाठवलं. प्रेमानेच केलं त्यांनी. पण मला वाचता क्षणी कळायचं. एकाने पाठवलेल्या तुकड्यात 'मला' आणि 'त्याला' होतं, परीटघडीचं. एकात आयुष्य कसं जगावं ते सांगितलं होतं, ह्यांनी तसं मेल्यावरही लिहिलं नसतं. असलं सगळं मी बाजूला काढलं. ज्यांना ह्यांच्या शेजारी बसून एक उन्हाळा 'ले, ले' ऐकावं लागलेलं नाही त्यांना तो सूर कुठून जमणार?

उरलं ते मी पुन्हा टाइप केलं, मोठ्या अक्षरात. टाइप करताना पहिल्यांदा ते सगळं मन लावून वाचलं. मी ज्याच्याबरोबर राहत होते तो माणूस इतका मजेशीर होता! हसता हसता माझी बोटं थांबायची आणि मग मी तशीच बसून राहायचे.

वाचायला लागले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दुपारी हे व्हरांड्यात आरामखुर्चीत बसायचे. पहिल्या दिवशी मी वाचलं तर हे रस्त्यावरच्या जीपा बघत बसले. चूक माझ्या जिभेची होती. शब्द वऱ्हाडी, पण चाल पुण्याची, ऐकणाऱ्याला काय कळणार? मग मी रोज गुरुजींना फोन लावून त्यांच्याकडून वाचून घ्यायचे, कुठे ओढायचं, कुठे तोडायचं. म्हातारपणी मी नवऱ्याची बोली शिकले. गुरुजी म्हणायचे, "वहिनी, आता तुमी आमच्या झाल्या," आणि पुढची ओळ वाचायला घ्यायचे.

जीभ वळली तसं ह्यांचं लक्ष लागायला लागलं. एक दिवस मी एक जुनं उत्तर काढलं. आखातातल्या एका पोराने विचारलं होतं की ओव्हनमध्ये रोडगे, म्हणजे विस्तवात भाजायचे कणकेचे जाड गोळे, कसे करायचे. ह्यांनी लिहिलं होतं:

'भाऊ, रोडगा ओव्हनमंधी होत नाही. रोडग्याले गवऱ्या लागते. गवऱ्याले म्हैस लागते. म्हशीले वावर लागते. वावराले तू लागतं. अन् तू तं तिकडं जाऊन बसला. तिकीट काढ अन् घरी ये. पीठ मी मळून ठेवतो.'

हे हसले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. मला म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. पुन्हा हसले, मांडीवर थाप मारून, अगदी पूर्वीसारखे. मी कागद मिटला. म्हटलं, आता म्हणतील. मी काहीच सुचवलं नाही.

हे डोळे पुसून म्हणाले, "मॅडम, लय भारी लिहिते हा मानूस. कुठचा हाये?"

मॅडम. अख्ख्या गावाने म्हटलं होतं, ह्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

"चिखलीचा," मी म्हटलं.

"आपल्या चिखलीचा? अन् मले मालूम नाही? तुमची वळख हाये त्याच्यासंगं?"

"आहे. चांगली आहे."

"मंग बोलवा ना त्याले चहाले. बायको असन तं तिले बी घेऊन ये म्हना."

मी म्हटलं, "बोलावते." दुसरं काय म्हणणार? आत स्वयंपाकघरात जाऊन दूध आहे का ते पाहिलं. बाहेर आले तर हे कपाटाशी उभे, धुतलेला सदरा मागत होते, पाव्हने यायचे आहेत म्हणून. मी ह्यांना सदरा घातला, गुंड्या लावल्या, केस विंचरले. ह्यांनी स्वतः दोन खुर्च्या ओढून समोर मांडल्या, एक त्याच्यासाठी, एक त्याच्या बायकोसाठी. मी चहा टाकला. त्यातल्या एका खुर्चीवर मी बसले तर हे संकोचून म्हणाले, "तिथं नका बसू मॅडम, ती जागा त्यायची हाये." मी उठले आणि दाराशी पायरीवर बसले.

ऊन उतरलं. शाळा सुटली, पोरं गेली. हे ताठ बसून रस्त्याकडे बघत होते, जीप थांबली की पुढे वाकायचे. एकदा म्हणाले, "उशीर झाला, पन येईन तो. असं लिहिनारा मानूस येते." मी रस्त्याकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मलाही तो यायला हवा होता.